एकमताने खरा

मित्सुएताईच्या पत्राला तेराओ मास्तरांनी उत्तर पाठवलं नव्हतं, आणि त्याला कारण शेवंती होती.

निदान मास्तर तरी तसंच सांगत. पत्र आलं तेव्हा अंगणात शेवंती भरात होती. सभ्य माणसानं पत्राची सुरुवात ऋतूच्या उल्लेखानं करायची असते, हे जपानातल्या कानाझावा गावचं शेंबडं पोरही जाणतं; मास्तरांनी तर मुलींच्या शाळेत जन्मभर जुनं साहित्य शिकवलेलं. त्यांनी कागद पुढे ओढला आणि शेवंतीच्या सुगंधाबद्दल एक वाक्य लिहिलं. मग सुगंध आधी घ्यावा की रंग आधी, यावर ते अडले. घरातले कोश झाले, वाचनालयातले झाले, आणि सुगंध आधी असं पक्कं होईपर्यंत शेवंती सुकून गेली होती. मग त्यांनी झाडांनी पांघरलेल्या लाल पानांच्या शेल्याचं नवं वाक्य केलं. ते जमेपर्यंत वाऱ्यानं शेला फेडून नेला. पुढे पहिल्या दहिवरावर काम सुरू केलं, तर दहिवर उन्हात विरघळलं. ऋतू नेहमी मास्तरांच्या एक पाऊल पुढे आणि मास्तर कोश घेऊन त्यांच्या मागे, अशी ती वरात हिवाळ्यापर्यंत चालली.

त्यांच्या पत्नी, फुमिबाई, यांना साहित्यात गती नव्हती. त्या म्हणाल्या, "वन्सं तुमच्या सख्ख्या बहीण आहेत का राजदरबारातल्या कोणी? हो तर हो लिहा, नाही तर नाही लिहा."

खरी अडचण तीच होती. मास्तरांना हो लिहायचं नव्हतं आणि नाही लिहायची छाती नव्हती.

मित्सुएताई उत्तरेला ओतारूला राहायची. तिनं शेजारणीकडून चार ओळी लिहून घेतल्या होत्या. ‘केइजिरो, बाबांचा होतेइ तुझ्याकडे आहे. माझे डोळे आता गेल्यातच जमा आहेत. जे दिसत नाही ते हातात तरी असावं असं वाटतं. तो मला पाठव.’ ऋतूचं अवाक्षर नाही. मास्तरांना पहिला धक्का त्याचाच बसला. दुसरा धक्का बसायला संध्याकाळ झाली.

होतेइ म्हणजे सात भाग्यदेवांपैकी ढेरपोट्या देव. डोक्याचा तुळतुळीत गोटा, खांद्याला टेकलेल्या कानाच्या पाळ्या, पाठीवर झोळी, आणि जगात काहीही बरंवाईट घडो, तोंडभर हसू. मास्तरांकडचा होतेइ हस्तिदंतात कोरलेला होता, जर्दाळूएवढा. आजोबांच्या काळात पुरुषांच्या किमोनोला खिसे नसत. तंबाखूची पिशवी दोरीनं कमरेला लोंबकळायची आणि दोरी पट्ट्यातून निसटू नये म्हणून वरच्या टोकाला अशी कोरीव गुंडी ओवायची. दोरी ओवायला होतेइच्या पाठीला दोन भोकं होती. पुढे विजारी आल्या, विजारींना खिसे आले आणि देव बेकार झाला. वडील वारल्यावर घर आवरताना तो मास्तरांच्या हाताला लागला. तुझा की माझा असं बोलणं दोघां भावंडांत झालंच नाही. तो हातात आला आणि हातातच राहिला.

तेव्हापासून मास्तरांचा उजवा अंगठा आणि होतेइची ढेरी यांचा संसार चालू होता. वर्गात शिरताना, मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभं राहताना, न्हाव्याला ‘मागून जरा कमी’ सांगताना मास्तर कोटाच्या खिशात ढेरी चोळत, की त्यांना धीर येई. फार नाही, हाती घेतलेलं वाक्य पुरं करण्यापुरता. आता डोळे गेलेल्या बहिणीनं मागितलेली वस्तू अडवून ठेवणं हे वाईट, एवढं त्यांना कळत होतं. पण ‘देत नाही’ म्हणायला जो धीर लागतो तो त्या ढेरीतून यायचा, आणि ‘देतो’ म्हणायला लागतो तोही तिथूनच. अशा पेचात शिकलेला माणूस जे करतो तेच मास्तरांनी केलं. निर्णय बाजूला ठेवला आणि योजना आखली.

योजना सोपी होती. होतेइची हुबेहूब प्रत करून घ्यायची. म्हणजे एक ओतारूला आणि एक कानाझावाला. कुठला कुठे, हा प्रश्न मास्तरांनी स्वतःला विचारला नाही. सभ्य माणूस स्वतःशीसुद्धा अडचणीचे विषय काढत नाही.

ही गोष्ट त्यांच्या तोंडून फुटली ती गल्लीच्या टोकाच्या स्नानगृहात, गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसलेले असताना. मास्तरांचा आजवरचा अनुभव असा, की अंगावर कपडे नसले की माणसाला नाही म्हणता येत नाही. पलीकडे कागेयामा डॉक्टर बसले होते. डॉक्टर दातांचे. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण हात स्वस्थ बसत नव्हते. भेटणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता ते दातांकडे बघून बोलत. प्रत करायची आहे म्हटल्यावर ते पाण्यातच उभे राहिले.

"मास्तर, हस्तिदंत म्हणजे काय हो? दातच ना? हत्तीचा असला म्हणून काय झालं? दाताचं काम दातवाल्याकडेच यायला हवं."

मास्तर ‘आपल्याला कशाला तसदी’ असं काहीतरी पुटपुटले. याचा अर्थ कानाझावात ‘नको’ असा होतो. पण डॉक्टरांनी त्याचा शब्दशः अर्थ घेतला आणि तसदी कसली त्यात, असं म्हणून काम पदरात पाडून घेतलं.

कोपऱ्यात डोक्यावर पंच्याची घडी ठेवून उगाकी बसले होते. उगाकी गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष. कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा, हे ठरवण्यात त्यांचं उतारवय सार्थकी लागत होतं. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, की हस्तिदंत म्हटलं की कायदा आला. मास्तरांनी आधी सरकारात चौकशी करावी. उद्या पेपरात गल्लीचं नाव आलं तर ते कुणी निस्तरायचं?

तेव्हा मास्तर गळाबंद स्वेटर घालून प्रांतकचेरीत गेले. पहिल्या खिडकीनं, हा वारसा आहे का, असं विचारून दुसरीकडे पाठवलं. दुसरीनं, हा जकातीचा माल आहे का, असं विचारून तिसरीकडे पाठवलं. तिसरी खिडकी वन्य प्राण्यांची होती. तिथल्या बाई इतक्या नम्र होत्या, की मास्तरांना आपण त्यांचा वेळ घेतल्याबद्दल काहीतरी भेट आणायला हवी होती असं वाटू लागलं.

"अख्खा आहे का?" बाईंनी विचारलं.

"अख्खा. कानाच्या पाळीचा एक टवका सोडला तर."

"अख्ख्या दाताची नोंदणी लागते."

"दात अख्खा नाही हो. देव अख्खा आहे."

बाईंनी नियम चाळले. देव अख्खा असल्यास काय करावं याबद्दल नियमांत काही नव्हतं. विकायचा नसेल तर काही लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. काही लागत नाही असं लेखी मिळेल का, मास्तरांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांसमोर उगाकी होते. बाईंनी दुप्पट नम्रतेनं कळवलं, की काही लागत नसल्याचा दाखला मिळण्यासाठी आधी काहीतरी लागत असावं लागतं. मग मास्तरांनी खाली बघत प्रतीचं विचारलं. खोटा हस्तिदंत केला तर चालेल ना?

"चालेल. खोटा खरा म्हणून कुणाला द्यायचाय का?" बाईंनी मान वर न करता विचारलं. तो त्यांचा रोजचा प्रश्न असावा.

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी खिशात ढेरी चोळली आणि नाही म्हणाले.

"मग त्याला आमच्याकडे खिडकी नाही," बाई म्हणाल्या आणि खोल वाकल्या.

डॉक्टरांच्या बंद दवाखान्यात बसायला एकच खुर्ची होती. साहजिकच मास्तर तिच्यात बसले आणि सवयीनं डॉक्टरांनी ती मागे कलती केली. दिवा तोंडावर आला. गळ्याला कागदी रुमालही बांधला गेला. होतेइ शेजारच्या तबकात उताणा पडून हसत होता. डॉक्टरांनी तो उचलला, छोट्या आरशातून पाठ पाहिली आणि जिभेनं चुकचुकले.

"किती दिवस अंगावर काढलंत हे? दोन किडके. खोल आहेत. आतून एकमेकांना मिळालेत."

ती भोकं कसली हे मास्तरांना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं. या एका विषयावर त्यांनी मुलींना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं, आणि त्या वर्गात कुणी झोपलं नव्हतं ही त्यांच्या नोकरीतली मोठी आठवण होती. पण त्या कलत्या खुर्चीत आजवर कुणी बोललेलं नाही. तिथे माणसाचं तोंड फक्त उघडतं. मास्तरांचंही उघडलं. ‘आपल्या कामात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमा असावी, परंतु’ इथपर्यंत त्यांनी मनात जुळवत आणलं, तोवर यंत्र सुरू झालं.

"दुखणार नाही," डॉक्टर म्हणाले. कुणाला म्हणाले, ते कळलं नाही. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

भोकं घासून, धुऊन, वाळवून भरली गेली. मग गुलाबी लगद्यात होतेइचा साचा घेतला गेला. आधी भरलं नसतं तर साचा भोकांत अडकला असता, तेव्हा एका कामात दोन कामं झाली, असं डॉक्टर म्हणाले. दातांच्या रंगांचा तक्ता होतेइच्या गालाला लावून पाहिला. साठीतल्या, सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाच्या सुळ्याची छटा जुळली.

घरी आल्यावर फुमिबाईंनी होतेइ हातात घेऊन उलटा केला.

"पाठीची भोकं कुठे गेली?"

"भरली."

"कोणी?"

"कागेयामांनी."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"मी खुर्चीत होतो," मास्तर म्हणाले.

प्रत तयार झाली ती मात्र अशी, की डॉक्टरांच्या शत्रूनंही मान डोलवावी. कवळीच्या मसाल्यात ओतलेली, झोळीत शिशाचा कण घालून वजन जुळवलेली, घडीघडीत जुनाट पिवळेपणा मुरवलेला. इतकंच काय, खऱ्याच्या पाठीवर भरलेल्या भोकांच्या दोन खुणा दिसत होत्या म्हणून प्रतीच्या पाठीवरही तशा दोन खुणा रंगवलेल्या. डोळ्यांनी पाहून मास्तरांना काही सांगता येईना. पण अंगठा लावला आणि कळलं. खोटा होतेइ चटकन गरम होई आणि चटकन गार पडे, समारंभात भेटलेल्या माणसासारखा. खरा सावकाश ऊब घेई आणि घेतलेली सोडत नसे.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण वर्षअखेर आली होती, आणि वर्षअखेरीला गल्लीच्या मंडळाचं जेवण असतं.

डॉक्टरांनी अर्थातच आपली करामत गावभर केली होती. उगाकींनी निरोप धाडला, की भाग्यदेव गल्लीत असताना तो एकाच घरात कोंडून ठेवणं बरं नव्हे. जेवणाच्या दिवशी दोघांनाही मंडळाच्या दालनात आणावं. हा निरोप विनंतीच्या स्वरूपात होता, म्हणजे नकाराची सोय नव्हती. मास्तर दोन खिशांत दोन देव घेऊन गेले.

दालनात मोठ्या पातेल्यात मुळा, अंडी आणि मासळीचे वडे रटरटत होते आणि तांदळाची साके वाफाळेपर्यंत गरम केली जात होती. होतेइ हातोहात फिरले. ज्याच्या हाती जो आला त्यानं त्याची ढेरी चोळून घेतली. तांदूळवाल्याला गुडघा बरा व्हायला हवा होता. कासारीणबाईंना सुनेनं माहेरी जरा जास्त राहायला हवं होतं. वड्यांच्या तेलकट बोटांनी, कोणता खरा कोणता खोटा याची पर्वा न करता, गल्लीनं वर्षभराची मागणी दोन ढेऱ्यांवर घासली. आणि शेवटी कुणीतरी दोघांनाही एकाच ताटात ठेवून दिलं.

एक लोणच्याच्या वाटीकडे, एक सोयासॉसच्या बाटलीकडे. दोघेही हसत होते.

"आता खरा कुठला?" कासारीणबाईंनी विचारलं.

मास्तरांनी दोघांना उचललं, एकेक करून अंगठ्याखाली धरलं. लोणच्याकडचा. शंकाच नव्हती. ते हळूच म्हणाले, "मला वाटतं..."

"मास्तर, वाटण्यावर जायचं नाही," उगाकी म्हणाले. "वाटणं ज्याचं त्याचं असतं. प्रश्न गल्लीचा आहे. लोंबकळता प्रश्न घेऊन नव्या वर्षात जाणं अशुभ. मत घेऊ. आधी डॉक्टर बोलतील, त्यांचा विषय आहे."

डॉक्टरांचा चेहरा साकेनं तांबडालाल झाला होता. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि दोन्ही देवांकडे बराच वेळ पाहिलं. लोणच्याकडच्या होतेइच्या बोटांची नखं, झोळीच्या चुण्या, ओठांची मुरड पाहून त्यांना भरून आलं. एवढी सफाई, ते म्हणाले, आता कुणाच्या हातात राहिलेली नाही. हे काम माझं. म्हणजे सॉसकडचा खरा.

डॉक्टरांचा हात वर गेला. डॉक्टरांचा गेल्यावर उगाकींचा गेला. अध्यक्षांचा गेल्यावर तांदूळवाल्याचा, त्याच्यामागून कासारीणबाईंचा, आणि मग वाऱ्यानं भाताचं शेत एका अंगाला कलावं तसं सगळं दालन. उगाकींनी मोजत मोजत नजर फिरवली. ती मास्तरांवर थांबली. मास्तरांचा अंगठा अजून लोणच्याकडच्या होतेइच्या ढेरीवर होता. त्यांनी तो काढून घेतला, आणि हात वर केला.

"एकमताने," उगाकी म्हणाले. पुन्हा घोळ नको म्हणून त्यांनी मिठाईच्या खोक्याचा लाल दोरा सोडवला आणि सॉसकडच्या होतेइच्या गळ्यात बांधला. हा खरा. टाळ्या झाल्या. फुमिबाई तेवढ्या वेळ आत मुळा चिरत होत्या म्हणून, नाहीतर एकमत झालं असतं की नाही सांगता येत नाही.

मास्तर घरी आले ते अपमानानं खचून. जन्मभराच्या अंगठ्यावर आपणच अविश्वासाचा ठराव मंजूर केला, ही गोष्ट त्यांना गिळवेना. पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मिसोचं वाफाळतं सूप पिता पिता त्यांच्या मनात हळूच एक उजेड पडला. हातातला वाडगा त्यांनी खाली ठेवला.

बहिणीला खरा होतेइ पाठवायचा होता ना? खरा कुठला, ते गल्लीनं ठरवलं होतं. एका दंतवैद्याच्या उपस्थितीत. लाल दोऱ्याचा तो खरा. तो ओतारूला पाठवायचा. राहता राहिला बिनदोऱ्याचा, गल्लीनं खोटा ठरवलेला. त्या टाकाऊ वस्तूवर कुणाचा हक्क पोचत नव्हता, ती एखाद्या म्हाताऱ्यानं खिशात ठेवून चोळली तर कुणाचं काय जात होतं? मास्तर फसवणूक करत नव्हते. ते सार्वजनिक निर्णयाचा मान राखत होते. इतिहासात मोठमोठी पापं याच रस्त्यानं धुऊन निघाली आहेत, हे त्यांनी पुस्तकांत वाचलं होतं. आपल्यालाही ती सोय उपलब्ध आहे हे माहीत नव्हतं.

आणि काय आश्चर्य, कित्येक आठवडे अडलेलं पत्र झरझर वाहू लागलं. वर्ष सरताना मनात दाटून येणाऱ्या कृतज्ञतेनं सुरुवात झाली. मग बर्फाच्या भारानं फांद्या मोडू नयेत म्हणून बागांतल्या पाइन वृक्षांना दोऱ्यांनी बांधून घेतात, त्यावर एक नाजूक परिच्छेद झाला. मग होतेइचा विषय आला. सोबत पाठवत असलेला होतेइ गल्लीतील समस्त मान्यवरांनी, ज्यात एक निष्णात दंतवैद्यही होते, एकमताने खरा मानला असल्याचं त्यांनी विनयपूर्वक कळवलं. पाच पानं झाली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. खोटं होतं ते फक्त पत्र.

त्यांनी ते फुमिबाईंना वाचून दाखवलं. बाई खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या दुलईत पाय घालून संत्रं सोलत होत्या. पाइन वृक्षांपर्यंत त्यांनी अर्धं संत्रं खाल्लं. एकमतापाशी आल्यावर त्यांनी हात पुसले, दोन्ही होतेइ मागून घेतले, डोळे मिटले आणि दोन मुठींत दोन धरून बसल्या. मास्तरांना त्यांचा तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा बघवेना.

"डोळे असलेल्या सगळ्यांना फसवलंत तुम्ही," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "पण वन्संना डोळेच नाहीत. त्या कशा फसणार?"

"मी कुणाला फसवलं नाही. सगळ्यांनी हात वर केले."

"तुम्ही केलात?"

"केला."

"आणि अंगठा काय म्हणत होता?"

"हात वर गेला की अंगठाही वरच जातो," मास्तर म्हणाले. वाक्य चांगलं होतं, पण फुमिबाईंनी ते ऐकलं नसावं. त्या पुन्हा संत्र्याकडे वळल्या होत्या. बिनदोऱ्याचा होतेइ मात्र त्यांनी टेबलावर न ठेवता दुलईच्या उबेत, स्वतःच्या मांडीशी ठेवला होता, आणि निघताना मास्तरांना तो मागून घ्यावा लागला.

पोस्टात नववर्षाच्या शुभेच्छापत्रांची गर्दी होती. रांग दारापर्यंत. मास्तरांच्या हातात खोकं होतं, खोक्यात कापसात लाल दोऱ्याचा होतेइ आणि त्याच्यावर पाच पानी पत्र. कोटाच्या उजव्या खिशात दुसरा. अंगठा त्याच्यावर, आणि तरी धीर येत नव्हता. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ढेरी नेहमीसारखी सावकाश ऊब घेत होती, पण द्यायचं नाव काढत नव्हती.

खिडकीतल्या बाईंनी आत काय आहे विचारलं. देव, मास्तर म्हणाले. फुटणारा आहे का? आजवर फुटला नाही. आत पत्र आहे का?

"आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांना जरा अभिमान वाटला. "पाच पानी."

पार्सलात पत्र चालत नाही, असं बाईंनी सांगितलं. नियम आहे. पत्र काढून घ्या, वेगळं तिकीट लावून वेगळं पाठवा. वस्तू कसली आहे एवढं सांगणारी चार शब्दांची चिठ्ठी आत ठेवलेली चालेल. त्यांनी तळहाताएवढा कागदाचा तुकडा पुढे सरकवला आणि दोरीनं बांधलेलं पेन दाखवलं.

मास्तरांनी पत्र काढलं. नुसता देव, सोबत शब्दही नाही, असं पाठवणं म्हणजे रानटीपणा. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, ‘हा’.

आणि थांबले. पाच पानांत जे एकदाही लिहावं लागलं नव्हतं ते इथे पहिल्याच शब्दानंतर लिहावं लागत होतं. हा काय? हा बाबांचा होतेइ. ‘हा बाबांचा होतेइ असल्याचे गल्लीतील समस्त’ असं बसवून पाहावं तर कागद तळहाताएवढा. पाइन वृक्ष नाहीत, कृतज्ञता नाही, एकमत नाही. लपायला जागाच नव्हती. मागे रांग खोकायला लागली. पुढचा शब्द लिहायला पेन टेकलं, की हात आखडे.

पत्नीनं सांगितलं म्हणून नव्हे, धर्म आठवला म्हणूनही नव्हे. शब्दांवर पोट भरलेल्या त्या माणसाला तो एक शब्द त्या एका वस्तूपुढे लिहिता येईना, एवढंच. त्यांनी खिशातला होतेइ बाहेर काढला, कापसातला उचलला, आणि अदलाबदल केली. लाल दोऱ्याचा खिशात गेला. मग चिठ्ठी आपोआप पुरी झाली. ‘हा बाबांचा होतेइ. पाठीची भोकं भरली गेली, दोष माझा. केइजिरो.’

"मास्तर," कानाशी कुणीतरी म्हणालं.

मागे शुभेच्छापत्रांचा गठ्ठा छातीशी धरून उगाकी उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. लाल दोरा खिशात जाताना पाहिला होता, बिनदोऱ्याचा कापसात जाताना पाहिला होता. त्यांच्या चेहऱ्यावर मास्तरांनी आजवर कधी न पाहिलेली गोष्ट होती. आदर.

"मी तुम्हाला भोळा समजत होतो," उगाकी खालच्या आवाजात म्हणाले. "खरा खिशात, खोटा ओतारूला. आणि बहिणीला दिसत नाही म्हणे. नाही, नाही, मला सांगत बसू नका. माणसानं आपलं बघायलाच हवं. गल्लीबाहेर जाणार नाही ही गोष्ट."

म्हणजे गल्लीत दिवेलागणीपर्यंत पोचणार होती. स्नानगृहात पोचणार होती, डॉक्टरांकडे पोचणार होती. रांगेतल्या दोघातिघांनी ऐकलंच होतं. तेही मास्तरांकडे नव्यानं बघत होते, जरा अदबीनं, ज्या अदबीनं लोक व्यवहारी माणसाकडे बघतात. जन्मभर मास्तरांकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

उगाकींना सांगायला हवं होतं, की मी खरा पाठवतोय. पण मग डॉक्टर चुकले असं म्हणावं लागलं असतं. गल्ली चुकली म्हणावं लागलं असतं. आणि वर गेलेला स्वतःचा हात? मास्तरांचं तोंड उघडलं. खिशात अंगठा सवयीनं ढेरीवर गेला. ती लगेच गरम झाली आणि लगेच गार पडली.

"तुम्ही एकमताने ठरवलं होतं म्हणून," मास्तर म्हणाले, "निवडायला सोपं गेलं."

उगाकींनी सगळ्या रांगेदेखत त्यांची पाठ थोपटली. खिडकीतल्या बाईंनी खोक्याला चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि ओतारूच्या पोत्यात टाकलं.